अपडेटनंतर विंडोज गेस्टचा डिस्प्ले 800 बाय 600 वर अडकल्याची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

मागच्या अपडेटमध्ये तुम्ही आमच्या व्हर्च्युअल मशीनचं (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाचं, म्हणजे 'गेस्ट'चं) डिस्प्ले डिव्हाइस, म्हणजे आभासी ग्राफिक्स कार्ड, क्यूएक्सएल या जुन्या प्रकारावरून व्हर्टिओ-जीपीयू या दुसऱ्या प्रकारावर नेलंत. नेलंत ते नेलंत, पण विंडोज गेस्टमध्ये त्याचा ड्रायव्हर (ते कार्ड विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकलाच नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला की 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' एवढंच दिसतं. गेस्ट यूईएफआयवर (संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरवर) चालतात आणि ड्रायव्हर नसला की त्यानं सुरुवातीला ठरवलेलंच रिझोल्युशन राहतं, त्यामुळे पडदा 800 बाय 600 वर अडकला आहे आणि रिझोल्युशन बदलताच येत नाही. हे निदान मी स्क्रीनशॉटसकट टिकीटमध्ये लिहून दिलं होतं. टिकीट 'सोडवले' म्हणून बंद झालं.

माझं ऑनलाइन सेवा केंद्र दारव्हा तालुक्यात आहे. आतल्या खोलीत सर्व्हर, बाहेर थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरवरचं चित्र मॉनिटरवर दाखवणारे छोटे संगणक. पीक विम्याचे दिवस आहेत, कास्तकार डवरणी सोडून रांगेत उभे राहतात. सातबारा आणि अर्ज शेजारी शेजारी उघडता येत नाहीत, 'सबमिट' बटण पडद्याच्या खाली गेलेलं असतं. त्यात मधेच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमच्या कॉल सेंटरबद्दल. कालचा कॉल रेकॉर्ड झाला असेल तर जरूर ऐका.

"सर, मॉनिटरची केबल काढून परत लावा."

मी म्हटलं, गेस्टला केबल नसते. त्याचं चित्र सर्व्हरच्या मेमरीत, फ्रेमबफरमध्ये तयार होतं आणि स्पाइसवरून (चित्र नेटवर्कवरून पाठवायच्या पद्धतीनं) थिन क्लायंटकडे येतं. थिन क्लायंटचा स्वतःचा मेन्यू याच मॉनिटरवर, याच केबलवरून पूर्ण 1920 बाय 1080 मध्ये दिसतो. केबल बिघडली असती तर तो दिसला असता का?

"तरी एकदा काढून बघा सर."

काढली. लावली. "आता दुसऱ्या टोकाची." तीही काढली, लावली. मग म्हणाले, "सर, तुम्ही गावाकडून बोलताय ना? तिकडे इंटरनेट स्लो असतं, म्हणून चित्र छोटं येतं."

इंटरनेट स्लो म्हणून चित्र छोटं येतं! सर्व्हर भिंतीपलीकडे आहे, मधे फक्त आमचा लॅन. मी फोन चालू असतानाच राउटरमधून इंटरनेटची वायर उपटली. पडदा 800 बाय 600 च. तसं सांगितलं, तर उत्तर आलं, "मग सर, इंटरनेट बंद असल्यामुळेच होत असेल."

फोन स्पीकरवर होता. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "काहून गा, यायलेच यायची मशीन माहीत नाई का?" मी काय उत्तर देणार?

त्याच डिस्कची प्रत मी जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्स) आणि केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) टाकून चालवली. फुकट मिळणारा व्हर्टिओचा विंडोज ड्रायव्हर घातला. पूर्ण 1920 बाय 1080 लगेच. तुमच्या सर्व्हरवर मात्र मला हे करता येत नाही, कारण गोल्डन इमेज (सगळे गेस्ट जिच्यावरून सुरू होतात ती मूळ प्रत) तुम्ही लॉक केली आहे आणि रीस्टार्टला सगळं पुसलं जातं. म्हणजे कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि केबल मी काढायची.

पूर्ण पडद्याचे ठिपके होतात 20 लाख 73 हजार 600. आम्हाला मिळतात 4 लाख 80 हजार. बिल मात्र पूर्ण ठिपक्यांचं येतं! तुमचं नाव पाहून मी तालुक्यातल्या आणखी केंद्रांना हेच घ्यायला लावलं होतं, आता त्यांचे फोन मला येतात.

ड्रायव्हर घातलेली इमेज द्या, नाहीतर अपडेटच्या आधीचं क्यूएक्सएल परत द्या. लेखी कळवा, फोन नको. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो, आणि यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग मला लांब नाही. पुढच्या वर्षाच्या एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) चेक इमेज मिळेपर्यंत निघणार नाही.

केंद्रचालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ