पिंपरीच्या काकांना, ३५०झेडच्या स्पेसरबद्दल

काका, नमस्कार. काकूंनाही नमस्कार सांगा.

तुम्ही परत गेल्यापासून हे लिहायचं डोक्यात होतं. फोनवर गाडीच्या त्या कामाबद्दल आभार मानायला गेलं की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे इकडे मिशिगनमध्ये जी बाकी मराठी गाडीवेडी मंडळी आहेत त्यांनाही कळेल की जाणता माणूस नुसता शेजारी उभा राहिला तरी काय फरक पडतो.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. माझी गाडी निसान ३५०झेड, २००४ चं मॉडेल, मॅन्युअल. इंजिन व्हीक्यू३५डीई, साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स, २८७ हॉर्सपॉवर. हे व्हीक्यू इंजिन म्हणजे साधंसुधं नाही, १९९५ पासून २००८ पर्यंत सलग चौदा वर्षं वॉर्ड्स या अमेरिकन वाहन-मासिकाच्या दहा सर्वोत्तम इंजिनांच्या यादीत होतं. पण ३५०झेडमध्ये बॉनेट खाली उतरतं ठेवायचं म्हणून इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पेटीचा वरचा भाग, अप्पर प्लेनम, पुढच्या बाजूला बराच चपटा केलाय, आणि थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, पण पुढेच, त्यामुळे आत आलेली हवा जोरात मागे निघून जाते आणि पुढच्या दोन सिलिंडरना, एक आणि दोन नंबरला, बाकीच्यांपेक्षा कमी मिळते. यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे वरच्या आणि खालच्या प्लेनमच्या मध्ये एक जाड चौकट घालायची, तोच स्पेसर.

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात आपली ओळख झाली तेव्हा मी हे सगळं तुम्हाला उत्साहाने सांगत होतो, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे पंगतीत वाढपी धावत सुटला आणि पहिली दोन पानं कोरडीच राहिली, असंच ना?" काका, त्यानंतर मी हे ज्यांना ज्यांना समजावलंय त्या सगळ्यांना तुमचीच पंगत सांगितलीय, एका वाक्यात कळतं लोकांना.

त्याच दिवशी तुम्ही अजून एक गोष्ट सांगितलीत जी मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती. मी म्हणालो की स्पेसरमुळे प्लेनम थंड पण राहतो, तर तुम्ही लगेच विचारलंत, मटेरियल काय? मी म्हणालो अॅल्युमिनियम. "मग कसला थंड राहतोय, अॅल्युमिनियम उष्णता अडवत नाही, पुढे ढकलतं. हिरो होंडाच्या कार्बोरेटरमागे काळा बेकेलाइटचा तुकडा असतो बघ, तो उष्णता अडवायला असतो. तुझा हा फक्त जागा वाढवणार. जागेसाठी घालायचा असेल तर घाल, थंडाव्यासाठी घालू नकोस." इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कामाआधी एका गॅरेजमध्ये विचारायला गेलो होतो, तिथे नुसता भाव सांगितला, आत काय होणार आणि काय नाही यावर एक शब्द नाही.

मग जाडी ठरवायची वेळ आली. मला अर्ध्या इंचाचा घ्यायचा होता, जास्त जाड म्हणजे जास्त हवा असा सरळ हिशोब. या गाडीत प्लेनमच्या वरून स्ट्रट बार, म्हणजे दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन जोडणारा दांडा, आडवा जातो हे तुम्ही बॉनेट उघडल्या उघडल्या पाहिलंत. नातवाची खेळायची क्ले मागवलीत, तिचा गोळा प्लेनमवर ठेवून बार परत बसवायला लावलात, बार काढून दबलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजलीत, आणि वर सांगितलंत की इंजिन माउंटवर हलतं, गिअर बदलताना झटका बसतो, त्याच्यासाठी पण जागा सोड. तिथेच पाच-सोळांश इंच ठरला, म्हणजे साधारण आठ मिलीमीटर.

आणि मग तो शनिवार. इकडच्या थंडीत रस्त्यावर टाकतात त्या मिठाने काही नट धरलेले होते, मी पाना लावणार इतक्यात तुम्ही म्हणालात आधी तेल मार आणि चहा पिऊन ये. चहा झाल्यावर नट सहज सुटले. पुठ्ठ्यावर प्लेनमचा आकार काढून जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचायचा, ही तुमची युक्ती मी आता प्रत्येक कामात वापरतो कारण बोल्टांच्या लांब्या सगळ्या सारख्या नसतातच. प्लेनम उचलल्यावर खाली सहा भोकं उघडी पडतात, थेट व्हॉल्व्हकडे जाणारी, तिथे कापडाचे बोळे कोंबून तुम्ही मोठ्याने मोजायला लावलेत, सहा आत, आणि बंद करताना सहा बाहेर.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते स्पेसर हातात घेतल्यावर तुम्ही काय केलंत ते. नवीकोरी वस्तू, मशीन केलेली, चकचकीत, मी तर सरळ ठेवूनच दिला असता वर. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि अंगठ्याचं नख कडेकडेने फिरवत गेलात, प्रत्येक भोकाशी थांबून, आणि एका बोल्टच्या भोकाशी नख अडकलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. "बर आहे," म्हणालात, बर म्हणजे धातू कापताना कडेला राहिलेला बारीक खवला. माझं बोट धरून तिथे फिरवलंत तेव्हा मला जाणवली, केसाएवढी. मग ऑइल स्टोन मागितलात, माझ्याकडे नव्हता, तुमच्या चिरंजीवांच्या घरी स्वयंपाकघरात सुरीला धार लावायचा बारीक दगड होता तो आणलात, तेलाचे दोन थेंब टाकून गोल गोल चार हात फिरवले आणि पुसून परत नख. मग स्ट्रेट एज, म्हणजे अगदी सरळ धारेची पट्टी, लावून खालून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतली, सगळ्यात पातळ पात सरकते का ते चारी बाजूंनी बघितलंत, नाही सरकली, तेव्हा म्हणालात "आता ठेव". ती बर तशीच राहिली असती तर गॅसकेट तिथे नीट बसलं नसतं, आणि मग कुठून तरी हवा ओढत राहिली असती आणि मी महिनोन्महिने लीनचा (हवा जास्त, पेट्रोल कमी असा) एरर कोड का येतोय ते शोधत बसलो असतो. भोसरी-पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचं नख काय असतं ते मी पाहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाना तुम्ही एकदाही स्वतःच्या हातात घेतला नाहीत. मला दिसत होतं की तुमचे हात शिवशिवतायत. तरी "तुझी गाडी आहे, तुझ्या हाताला कळू दे" म्हणून सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवायला लावलेत, कारण अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की हेलिकॉइल, म्हणजे नवीन आट्यांची तारेची स्प्रिंग, घालण्यावाचून गत्यंतर नाही. मग मधून बाहेर, तिरपे-तिरपे, एकदम न आवळता दोन-तीन फेऱ्यांत, शेवटची फेरी टॉर्क रेंचने आणि क्लिक झालं की हात मागे. हे सगळं पुस्तकात असतं मान्य, पण पुस्तक आपल्याला "थांब, घाई कुठे चाललीय" म्हणत नाही.

चालू केल्यावर आरपीएम चढेच राहिले तेव्हा मी घाबरलो होतो, तुम्ही नाही. बॅटरी काढली होती, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, किती हवा सोडायची ते त्याला परत शिकवावं लागतं एवढंच. इंजिन गरम करून बंद केलं, चावी ऑन करून तीन सेकंद, मग पाच सेकंदांत पाच वेळा पेडल पूर्ण दाबून सोडायचं, सात सेकंद थांबायचं, मग दाबून धरायचं ते चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत. मी कागदावरून वाचत होतो आणि तुम्ही बाजूच्या सीटवर तुमच्या जुन्या चावीच्या घड्याळातला सेकंद काटा बघून "आता... सोड" म्हणत होतात. आरपीएम खाली आले आणि जागेवर थांबले, तेव्हा तुमचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त खुलला होता हो.

आता रिपोर्ट देतो, कारण तुम्ही विचारणारच. स्कॅनरवर दोन्ही बँकचे, म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही रांगांचे, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) शून्याच्या आसपास आहेत, एकही कोड नाही, सांध्यावर पाणी फवारून बघितलं, आयडल जराही हलत नाही, म्हणजे हवा कुठून ओढली जात नाहीये. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, नेली नाही त्यामुळे हॉर्सपॉवर वाढली का, किती, ते मी सांगणार नाही. पण पाच हजारांच्या वर पूर्वी जी दमल्यासारखी व्हायची ती आता रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत, ओढत राहते, आणि आवाज पण जरा भरदार झालाय, हे मला रोज चालवताना नक्की जाणवतं. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या गाडीवेड्यांच्या मोठ्या मेळाव्याला, घेऊन गेलो होतो, तिथे एका गोऱ्या आजोबांनी बॉनेट उघडायला लावून स्पेसरचा सांधा वाकून बघितला आणि काम कुणी केलं म्हणून विचारलं. मी म्हणालो हात माझे, पण करवून घेतलं आमच्या काकांनी, ते पुण्याला असतात.

माझे वडील असते तर त्यांनीही असंच शेजारी उभं राहून करायला लावलं असतं असं मला त्या दिवशी वाटत होतं, तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. मनापासून आभार काका. आणि काकू, दुपारी गॅरेजमध्ये आणून दिलेल्या थालीपिठांचेही, हात काळे म्हणून तुकडे करून दिलेत ते मी विसरलो नाहीये.

पुढच्या उन्हाळ्यात याल तेव्हा क्लच काढायचाय, पार्ट आणून ठेवतो, तुम्ही येईपर्यंत हात लावत नाही. ऑइल स्टोन मात्र आता माझा स्वतःचा आहे. दोन प्रकारचे बघितले होते, त्यातला बरोबर घेतलाय का ते रविवारी तुमच्या सकाळी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा दाखवतो.