रिकामा हौदा आणि बर्फाचा रस्ता

कर्वेनगर, पुणे
१० नोव्हेंबर

प्रिय सुहास,

काल काकूंकडे फराळाचा डबा परत द्यायला गेलो होतो. त्यांनी तुझ्या नव्या पिकअपचा फोटो दाखवला. "एवढी दणकट गाडी घेतली, आता बर्फाची चिंता नाही," म्हणाल्या. मी मान डोलावली, पण घरी येईपर्यंत डोक्यात तोच फोटो होता. मागचा उघडा हौदा रिकामा, टायर उन्हाळ्यातले आणि तूच सांगितलंस त्याप्रमाणे ताकद फक्त मागच्या चाकांना. तिकडे कॅनडात, कॅलगरीत, नोव्हेंबर लागलाय. फोनवर तू कामाच्या गडबडीत असतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. मी तिथे पाच हिवाळे पिकअप चालवली आहे, एवढ्या हक्काने सांगतोय, नीट वाच.

मामांची गाडी आठवते ना? मुळशीतून आंबेमोहोर भरून मार्केट यार्डात जायचो आणि रिकाम्या गाडीने परत यायचो. भरलेली गाडी पिरंगुटच्या घाटात रस्ता धरून चालायची. रिकामी गाडी पहिल्या पावसात त्याच वळणावर मागून झुलायची. मग मामा मुरमाची दोन-तीन पोती टाकून घ्यायचे. एकदा तू ती फाळक्याजवळच टाकलीस, उतरवायला सोपी म्हणून. मामांनी तुला परत हौद्यात चढवलं आणि पोती ओढून मागच्या चाकांच्या बरोब्बर वर आणायला लावली. "शेपटाला वजन टाकलं की गाडी तोंड उचलते," म्हणाले होते. तिथल्या बर्फात मला हे वाक्य शंभर वेळा आठवलं.

रिकाम्या पिकअपचं दुखणं एवढंच आहे. इंजिन पुढे, केबिन पुढे, आपण पुढे. मागच्या चाकांवर निम्म्याहून कमी वजन आणि गाडी ढकलायचं काम मात्र त्यांच्याच माथी. बर्फावर ती जागच्या जागी फिरत राहतात. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानांत थंडीत वाळूच्या लांबट पिशव्या मिळतात, ६० पौंडांची एक, म्हणजे साधारण २७ किलो. चार घे. मागच्या एक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, वर किंवा जरा पुढे, केबिनच्या बाजूला, आडव्या टाक. एक्सलच्या मागे टाकल्यास तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडी किती वजन पेलते त्याचं स्टिकर असतं, त्यात तू, माणसं आणि हत्यारं धरून हिशेब कर.

पिशव्या मोकळ्या ठेवू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली तर २७ किलोची पिशवी थेट मागच्या काचेवर येते. तू सुतारकाम करणारा माणूस, तुला तासाभराचं काम आहे: दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमध्ये घट्ट बसेल अशी लाकडी चौकट ठोक आणि पिशव्या त्यात टाक. पाण्याचे कॅन ठेवायचा विचार असेल तर सोड, गोठून फुटतात. आणि वाळूचा दुसरा उपयोग असा की गाडी अडकली तर तीच चाकाखाली टाकता येते.

पण वजनावर विसंबून मी काय केलं तेही सांगतो, कारण ते मी इथे घरी कुणालाच कधी सांगितलं नाही. दुसरा हिवाळा होता. हौद्यात वाळू होती, त्यामुळे गाडी सुटायची छान, चढही चढायची. टायर मात्र बारमाही होते, नवे टायर घेणं मी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. सकाळी आठच्या सुमारास सिग्नल लाल झाला आणि मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल कर्रर्र करत थरथरायला लागलं, पण वेग तसाच. रस्ता नुसता ओला वाटत होता, काळा, चकचकीत. ओलं नव्हतं ते, बर्फाचा पातळ थर होता. एक बाई मुलाचा हात धरून पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभी होती. गाडी पट्ट्या ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन थांबली. ती दोघं फुटपाथवरून उतरली नव्हती, म्हणूनच आज हे पत्र लिहितोय. त्याच संध्याकाळी चारही टायर बदलले.

नंतर मी कागदावर आकडे मांडले. ताशी ५० च्या वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते. निसरड्या बर्फावर तीच जवळजवळ १०० मीटर जाते. क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेव म्हणजे अंदाज येईल. वाळू गाडीला सुटायला मदत करते, थांबायला टायरच लागतो.

म्हणून टायरमध्ये काटकसर करू नकोस. साधारण ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक रेघा असतात, त्या बर्फाला धरतात. घेताना बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघ. नुसतं 'एम प्लस एस' (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नकोस. आणि चारही बदल. फक्त मागचे बदललेस तर गाडी पळेल, पण वळणार नाही. तुमच्या अल्बर्टा प्रांतात सक्ती नाही म्हणून लोक टाळतात. पण कामासाठी डोंगर ओलांडून शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेलास तर तिथल्या घाटरस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर लागतात, आणि खाचा निदान ३.५ मिलिमीटर खोल हव्यात. हवाही बघत जा. तापमान पाच-सहा अंश उतरलं की एक पौंड हवा कमी दाखवते. सप्टेंबरात २० अंशांत भरलेली हवा उणे २० मध्ये सात पौंडांनी उतरलेली असेल. ग्रिप मिळावी म्हणून मुद्दाम हवा कमी करायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, नाही म्हणून हळहळतोयस, ते सोड. तीही गाडी हलवायलाच कामाची. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात.

चालवताना सुटायचं अगदी अलगद, जमलं तर दुसऱ्या गिअरवर. ब्रेकचं पेडल थरथरलं तरी पाय उचलू नकोस, दाबून धर, ते त्याचं काम करत असतं. मागची बाजू घसरली तर एक्सलेटर सोड आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग फिरव. पुलांवर फार जप, वरून आणि खालून दोन्हीकडून गारठा लागतो, म्हणून रस्त्याआधी पूल गोठतो.

आणि चिनूक. पश्चिमेकडून, डोंगरांवरून गरम वारा येईल आणि काही तासांत तापमान वीस-एक अंशांनी चढेल. सगळे जॅकेट काढून फिरतील, रस्त्यावर पाणी वाहील. तुला वाटेल, सुटलो. त्याच रात्री ते पाणी गोठतं. दुसऱ्या दिवशीची सकाळ तिथल्या थंडीतली सगळ्यात वाईट सकाळ. गंमत अशी की उणे २० चा बर्फ त्यामानाने बरा. शून्याच्या आसपासच्या बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो, तो खरा घसरवतो. चिनूकनंतरच्या सकाळी कामाला उशिरा गेलास तरी चालेल.

कुठे रुतलासच, तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढ, मगच गाडी चालू ठेवून बस. नाहीतर धूर आत येतो आणि कळतही नाही. मग चाकापुढचा बर्फ फावड्याने साफ कर, वाळू टाक, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की आपोआप ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद कर आणि गाडीला पुढे-मागे हलके झोके दे. जोरात रेस दिलीस तर चाक खालचा बर्फ तापवून आणखी गुळगुळीत करतं.

मुक्तालाही हे वाचायला दे, तीही चालवणार ना. काकूंना मी यातलं काही बोललेलो नाही, त्यांना दणकट गाडीच माहीत असू दे.

रविवारपर्यंत मला दोन फोटो पाठव: एक टायरवरच्या त्या डोंगराच्या चिन्हाचा आणि एक हौद्याचा, फाळक्याकडून काढलेला, पोती कुठे टाकलीस ते दिसेल असा.

तुझाच,
नंदू