मुद्देमालाचे चित्रीकरण सक्तीचे, माणसाचे मर्जीचे? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

माझ्या मुलाला ज्या रात्री चौकशीसाठी नेले, त्या रात्रीचे ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण मी माहितीच्या अधिकारात मागितले होते. परवा उत्तर आले, दीड ओळीचे. ‘सदर कालावधीत डीव्हीआर तांत्रिक कारणास्तव बंद असल्याने माहिती उपलब्ध नाही.’ डीव्हीआर म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. आपण कामात असता, म्हणून थोडक्यात लिहायचे ठरवले होते. जमेल असे वाटत नाही.

मुलगा एका गोदामात हिशेबाचे काम करायचा. माल कमी भरला, संशय त्याच्यावर आला. ‘दोन प्रश्न विचारून सोडतो’ म्हणून नेले आणि रात्रभर डीबीच्या, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या, खोलीत ठेवले. अटकेची नोंद नाही, स्टेशन डायरीत नाव नाही. मी बाहेर बाकावर बसून होतो. समोर भिंतीवर पाटी होती, ‘हा परिसर सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहे’. आत काय चालले आहे ते मला ऐकू येत होते. पाटीला येत नसावे.

सकाळी कागद तयार होता. ‘मी माल लपवून ठेवला असून ती जागा दाखवतो’ असे निवेदन, दोन पंच, मुलाची सही. जागा दाखवायला नेले, काहीच निघाले नाही. निघणार कुठून? माल कंपनीच्याच दुसऱ्या गोदामात चुकून उतरवला गेला होता, तो पुढे सापडला. जी चोरी झालीच नाही तिची कबुली माझ्या मुलाने पंचांसमक्ष दिली होती, साहेब. त्याचे नाव वगळले गेले. डाव्या कानाचा पडदा फाटला तो फाटलाच. आता तो फोन उजव्या कानाला लावतो आणि कुणी डावीकडून हाक मारली की वळत नाही. नोकरी गेली. वैद्यकीय कागदावर ‘जुनी दुखापत’ असे लिहिले आहे. जुनी म्हणजे किती जुनी, हे विचारायला गेलो तर मला साहेबांच्या कामात अडथळा आणू नका असे सांगण्यात आले.

म्हणून मी कायदा वाचायला बसलो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचे अ‍ॅपही काढले आहे. म्हणजे चाकू जप्त करताना मोबाइल वर धरायचा. पण ज्याच्याकडून चाकू जप्त केला, त्याची चौकशी? कलम 180 म्हणते, जबाब दृकश्राव्य माध्यमातूनही नोंदवता येईल. वाटले तर. कुणाला वाटणार? ज्याला मारायचे आहे त्याला? याच संहितेच्या कलम 38 मध्ये चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पण वकील पूर्ण वेळ हजर राहू शकत नाही. वकील बाहेर, कॅमेरा बंद, आणि आत एकटा पोरगा. मुद्देमाल झाला असता तर बरे, निदान त्याचे चित्रीकरण तरी झाले असते.

आपले अधिकारी सांगतील की पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरतच नाही, मग रेकॉर्डिंग हवे कशाला. खरे आहे, ठरत नाही. पण त्या कबुलीमुळे वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ असे छापून येते, ते कोणते न्यायालय पुसून देते? आमच्या नातेवाइकांनी संहिता वाचलेली नाही, बातमी वाचली आहे. पोलिसी खाक्या म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितले होते की ठाण्याचा कोणताही भाग कॅमेऱ्याबाहेर राहू नये, आवाजही टिपला जावा, चित्रण 18 महिने राहावे, तेवढी सोय नसेल तर निदान 1 वर्ष. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेप्रमुखाची. अंमलबजावणी कशी झाली? 2022 मध्ये उच्च न्यायालयात सरकारनेच सांगितले की 1,089 ठाण्यांपैकी 547 ठाण्यांत कॅमेरे आहेत. निम्मी ठाणी आंधळी! आता आकडा वाढलाही असेल, पण आमच्या ठाण्यात कॅमेरा होता, पाटी होती, फक्त चित्रण नव्हते, तर ते ठाणे कोणत्या रकान्यात धरता? चौकातला कॅमेरा मात्र पावसातही बंद पडत नाही. हेल्मेट नसले की चलन घरी हजर, फोटोसकट. जनता रांगेत आहे की नाही हे बघायचे असेल तेव्हा सरकारला सगळे स्वच्छ दिसते.

इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्यानंतर संशयितांच्या मुलाखती टेपवर घ्यायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात न्यायालयाने 1985 मध्येच कोठडीतल्या चौकशीचे रेकॉर्डिंग आवश्यक ठरवले. तेव्हा कॅसेटी होत्या. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आपल्याच मोक्का कायद्याने 1999 साली कबुलीजबाबासाठी कॅसेटचा उल्लेख केला आहे, म्हणजे कल्पना सुचली होती. खिशात मोबाइल आल्यावर ती सुचेनाशी झाली.

तक्रार करा म्हणतात. केली. वरिष्ठांकडे दिलेला अर्ज अहवालासाठी त्याच ठाण्यात आला आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनीच मला जबाबाला बोलावले. पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवाधिकार आयोग आहे, सगळे आहे. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: पुरावा आहे का? पुरावा ज्यांच्या कपाटात होता त्यांनी तो तांत्रिक कारणास्तव ठेवलाच नाही, आणि सिद्ध मात्र मी करायचे.

फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याला दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती घेऊन. संशयिताने ठाण्याचा उंबरा ओलांडल्यापासून बाहेर पडेपर्यंत रेकॉर्डिंग सक्तीचे करा. ‘अटक नाही, नुसती विचारपूस’ ही पळवाट बंद करा. चित्रण नसेल तर त्या निवेदनातला एक शब्दही न्यायालयात चालणार नाही आणि इजा कशी झाली हे पोलिसांनीच सिद्ध करायचे, असे कायद्यात लिहा. सचोटीने तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला यात भिण्यासारखे काय आहे? खोट्या आरोपातून तोही सुटेल.

या पत्राला उत्तर देणार असाल तर एवढी कृपा करा, ते त्याच ठाण्यामार्फत पाठवू नका.

आपला,
एका निर्दोष संशयिताचा बाप