माळ्यावरून उतरलेल्या चपला

आदरणीय काका,
जय योगेश्वर.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक असूनही लिहीत आहे. गेल्या आठवड्यात बाबा काठी टेकत तलावपाळीपर्यंत जाऊन आले आणि तेव्हापासून मला राहवत नाही.

पक्षाघातानंतर सात महिने बाबांनी उंबरठा ओलांडला नव्हता. त्या काळात नातेवाइकांनी फोनवरून सल्ले दिले, शुश्रूषेला माणूस पुरवणाऱ्यांनी आगाऊ पैसे घेऊन तीन आठवड्यांत चार माणसे बदलली, आणि धर्माच्या नावाने आलेल्या एका मंडळाने बाबांच्या उशाशी फोटो काढून जाताना देणगीचे पावतीपुस्तक पुढे केले. त्या दिवशी बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. म्हणूनच स्वाध्याय परिवाराच्या भावफेरीला, म्हणजे घरोघरच्या निरपेक्ष भेटीला, तुम्ही दारात आलात तेव्हा मी तुम्हाला धड 'या' सुद्धा म्हटले नाही; त्याची आज मनापासून क्षमा मागते.

तुम्ही पिण्याचे पाणीसुद्धा स्वतःचे आणले होते. आजाराबद्दल एक अक्षर न विचारता, भिंतीवरची स्वाध्यायाचे प्रवर्तक दादा, म्हणजे पांडुरंगशास्त्री आठवले, यांची तसबीर पाहून तुम्ही जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "दादांना प्रत्यक्ष ऐकलंत का हो?" गिरगावात नोकरीला असताना बाबा माधवबागेतल्या गीता पाठशाळेत जात असत. रोह्यात जन्मलेले दादा १९४२ पासून, म्हणजे ऐन बाविशीत, तिथे प्रवचन करू लागले, १९५४ मध्ये जपानमधल्या जागतिक परिषदेत गीतेचा विचार मांडून आल्यावर त्यांनी १९५६ मध्ये आपल्या ठाण्यातच तत्त्वज्ञान विद्यापीठ उभे केले, हे सारे बाबा अडखळत, शब्द शोधत सांगत होते. आणि ज्यांना ते तोंडपाठ आहे असे तुम्ही ते पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखे ऐकत होतात. एकदाही त्यांचे वाक्य तुम्ही पुरे केले नाही. आम्ही घरचे मात्र ते रोज करत होतो.

मग तुम्ही मत्स्यगंधेच्या, म्हणजे स्वाध्यायी कोळ्यांच्या सामायिक मासेमारी नावेच्या, आठवणी काढल्यात. पाळीपाळीने पुजारी होऊन नाव समुद्रात नेणारे कोळी बांधव, मासळीचे पैसे कोणा एकाचे नाहीत तर देवाचे म्हणून ती अपौरुषेय लक्ष्मी, आणि अडल्यानडल्याच्या घरी गाजावाजा न करता पोहोचणारा तो प्रसाद, हे ऐकताना बाबा कित्येक महिन्यांनी उठून बसले होते.

निघताना तुम्ही विचारलेत, "यांच्या चपला कुठे आहेत?" आम्ही त्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. तुम्ही त्या उतरवून घेतल्यात, आपल्या रुमालाने पुसल्यात आणि दाराशी, टोके बाहेरच्या बाजूला करून, नीट मांडून ठेवल्यात. बोलला काहीच नाहीत. बाबा रात्री उशिरापर्यंत त्या चपलांकडे पाहत होते आणि माझ्या मनातून त्यांचे ते पाहणे अजून जात नाही. प्रत्येकाच्या आत ईश्वर वसतो, ही दादांची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले, तरी बाबांच्या चपला माळ्यावर टाकणारी मीच होते. पुढचे रविवार तुम्ही आलात, हात धरून आधी जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत नेलेत. पण माझ्या लेखी बाबा चालू लागले ते त्या पहिल्याच संध्याकाळी.

बाबांनी निरोप सांगितला आहे की येत्या रविवारी तुम्ही दोन मजले चढून वर येऊ नये. ते चपला घालून खाली फाटकाशी तुमची वाट पाहत उभे असतील.

तुमची ऋणी,
बाबांची लेक, नौपाडा, ठाणे