डाउनलोडचा आकडा म्हणजे वापरकर्त्यांची संख्या नव्हे

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवरचा (ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवरचा) सविस्तर लेख वाचला. हा विषय सर्वसाधारण वाचकांपुढे आणल्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. मात्र लेखासोबतच्या चौकटीत दहा सॉफ्टवेअरांचा क्रम त्यांच्या डाउनलोडच्या आकड्यांवरून लावला होता, त्या आकड्यांखाली ‘इतक्या लोकांची पसंती’ असे शब्द छापले होते, आणि कोणत्या प्रकल्पांना आर्थिक साहाय्य मिळावे याचा विचारही लेखकाने त्याच आकड्यांच्या आधारे केला होता. मी गेली काही वर्षे एका लहानशा मुक्तस्रोत लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाची, देखभाल करतो आणि तिच्या डाउनलोडचे आकडे रोज पाहतो. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे, कारण हा आकडा जे सांगत नाही तेच त्याच्या तोंडी घातले गेले आहे.

डाउनलोड मोजतो तो सर्व्हर. एखादी फाइल मागितली गेली आणि ती दिली गेली, एवढीच नोंद त्याच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) होते. मागणारा माणूस होता की यंत्र, फाइल उघडली गेली की तशीच पुसली गेली, तोच माणूस कालही येऊन गेला होता का, यांपैकी काहीही त्या नोंदीत नसते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजे (तयार कोडचे गठ्ठे) पुरवणाऱ्या एनपीएम या भांडाराने २०१४ मध्येच हे प्रांजळपणे लिहिले होते: पॅकेजची फाइल मागणाऱ्या ज्या विनंत्यांना ‘२००’ हे यशाचे उत्तर गेले, त्यांची बेरीज म्हणजे डाउनलोडची संख्या, तिच्यात बिल्ड करणारे, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणारे, स्वयंचलित सर्व्हर येतात, मिरर म्हणजे भांडाराची हुबेहूब प्रत ठेवणारे सर्व्हर येतात आणि सगळीच पॅकेजे उतरवून घेऊन तपासणारे रोबोही येतात. दिवसाला साधारण पन्नासपेक्षा कमी डाउनलोड असतील तर त्यावरून काही निष्कर्ष काढू नये, असेही त्यांनी त्याच वेळी सुचवले होते. ज्यांनी आकडा मोजला त्यांनीच त्याची मर्यादा सांगितली होती. पुढे आकडा सगळीकडे पोचला आणि मर्यादा मागे राहिली.

मोजणीच्या यांत्रिक अडचणीही कमी नाहीत. मोठी फाइल उतरवताना काही डाउनलोड मॅनेजर तिचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा मागतात; सर्व्हर अशा प्रत्येक मागणीला ‘२०६’ असे उत्तर देतो. हे तुकडे सुटे मोजले तर एकाच माणसाचे आठ डाउनलोड होतात, आणि मुळीच मोजले नाहीत तर तो माणूस हिशेबातूनच गळतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलचा आकडा स्वतंत्र असतो आणि तो सुरुवातीपासूनचा एकूण असतो, कोणत्या दिवशी किती हे त्यात नसते. फाइल काढून पुन्हा चढवली की मोजणी शून्यापासून सुरू होते. शिवाय एकाच आवृत्तीसोबत विंडोज, मॅक आणि लिनक्स यांसाठी निरनिराळ्या फाइली आणि त्यांच्या पडताळणीसाठी आणखी लहानलहान फाइली ठेवलेल्या असतात. या सगळ्यांची सरसकट बेरीज करून ती ‘वापरकर्ते’ म्हणून सांगणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण प्रामाणिक होते.

माझ्या स्वतःच्या लायब्ररीचा एक प्रसंग सांगतो. एका वर्षी तिचे डाउनलोड अचानक कित्येक पटींनी वाढले. मला फार आनंद झाला, आणि मी त्या आलेखाचे चित्र दोन-तीन ठिकाणी अभिमानाने दाखवलेही. काही महिन्यांनी आकडा तितक्याच अचानक खाली आला. शोध घेतल्यावर कळले ते असे: एका कंपनीची चाचणी-व्यवस्था प्रोग्राममधल्या प्रत्येक बारीक बदलानंतर कोरे यंत्र उभे करत असे आणि सगळी पॅकेजे पुन्हा नव्याने आणत असे, तिथल्या कोणीतरी उतरवलेल्या फाइली जपून ठेवण्याची सोय सुरू केली आणि आमचे ‘वापरकर्ते’ नाहीसे झाले. वापरणारे लोक तेच होते आणि तितकेच होते. तरीही, आम्हाला देणगी देऊ इच्छिणाऱ्या एका संस्थेने तो उतरता आलेख पाहून प्रकल्प मोडकळीस आला आहे का, असे विचारले. तिला हे सगळे समजावून सांगण्यात माझा बराच काळ गेला, आणि तिचे पूर्ण समाधान झाले असे मला आजही वाटत नाही.

आकडा फुगण्याची आणखी दोन कारणे आहेत. पहिले अवलंबित्वाचे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे जेमतेम अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. ज्यांचे काम अडले त्यांतल्या बहुतेकांनी ते पॅकेज निवडले नव्हते, त्याचे नावही ऐकले नव्हते. त्यांनी निवडलेल्या पॅकेजच्या पोटातल्या पॅकेजला ते लागत होते. अशा डाउनलोडला ‘पसंती’ म्हणणे बरोबर नाही. दुसरे कारण आवृत्त्यांचे. जो प्रकल्प आठवड्याला नवी आवृत्ती काढतो, त्याचा एकच वापरकर्ता वर्षात बावन्न वेळा मोजला जाऊ शकतो. जो प्रकल्प इतका स्थिरावलेला आहे की वर्षातून एकदाच बदलतो, त्याचा वापरकर्ता एकदाच मोजला जातो. आपल्या चौकटीतल्या क्रमात या दुसऱ्या प्रकारच्या प्रकल्पांना जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते.

याच्या उलट बाजूकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण मला ती अधिक महत्त्वाची वाटते. पायथन या भाषेची पॅकेजे बसवणारा पिप हा प्रोग्राम उतरवलेली फाइल संगणकावर जपून ठेवतो, त्यामुळे त्याच संगणकावर तेच पॅकेज पुन्हा बसवले तर सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठ्या संस्था आपल्या अंतर्गत भांडारात पॅकेज एकदाच आणतात आणि तिथून हजारो यंत्रांना वाटतात. लिनक्सच्या वितरणांत, म्हणजे लिनक्स ही कार्यप्रणाली आणि सोबतची साधने एकत्र देणाऱ्या संचांत, सॉफ्टवेअर आधीच समाविष्ट असते. लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा सॉफ्टवेअर-संच आपल्या वितरणासोबतच मिळालेला माणूस त्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर कधी फिरकतही नाही. मिरर चालवणारे स्वयंसेवक आपले लॉग सहसा कोणाला देत नाहीत. आणि मुळात मुक्त सॉफ्टवेअरचा परवानाच सांगतो की प्रत काढा आणि दुसऱ्याला द्या. पेनड्राइव्हवरून हाती पडलेल्या प्रतीची नोंद कोणत्या सर्व्हरवर होणार? एसक्यूलाइट हा डेटाबेस जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो, आणि जगात वापरात असलेल्या एसक्यूलाइट डेटाबेसांची संख्या एक लाख कोटींहून अधिक असावी असा त्याच्या निर्मात्यांचा अंदाज आहे. फोन विकत घेणाऱ्याने तो कधी डाउनलोड केलेला नसतो.

यावर कोणी म्हणेल की एकीकडे आकडा फुगतो आणि दुसरीकडे आटतो, तेव्हा सरासरी ठीकच निघत असेल. तसे होत नाही. फुगण्याचे आणि आटण्याचे प्रमाण प्रत्येक सॉफ्टवेअरला निराळे असते. प्रोग्रामरांच्या चाचणी-यंत्रांवर सतत उतरणारी लायब्ररी शंभरपट फुगते, तर वितरणासोबत जाणारे साधन जवळजवळ दिसतच नाही. सगळ्यांना मिळून एकच गुणक लावून चूक दुरुस्त करता येईल अशी ही परिस्थिती नाही, म्हणून दोन भिन्न प्रकारच्या सॉफ्टवेअरांना एका यादीत वरखाली बसवण्यालाच माझा आक्षेप आहे.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर मी आपला इतका वेळ घेतला नसता. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा फार मोठा भाग त्या सॉफ्टवेअरवर उभा होता. त्याच्यासाठी पूर्णवेळ काम करणारा माणूस मात्र एकच होता, आणि थेट देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर इतक्याच येत होत्या. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करण्याच्या साधनात कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावून चोरवाट घातल्याचे उघड झाले. तेही कळले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच या दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे जाण्याच्या साधनाने लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले म्हणून. एक्सझेडची देखभाल वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच माणूस फावल्या वेळात करत होता, आणि ते साधन लिनक्सच्या वितरणांमधून सर्वत्र पोचलेले होते. या दोन्ही सॉफ्टवेअरांचे खरे महत्त्व डाउनलोडच्या यादीत कधीच दिसले नसते. मदतीचा पैसा त्या यादीच्या क्रमाने वाटायचा ठरला, तर ज्यांचा आधार सगळ्यांना आहे तेच पुन्हा उपाशी राहतील. शिवाय ज्या आकड्यावर पैसा ठरतो तो आकडा वाढवून घेण्याचा मोह होणारच, आणि एक छोटीशी स्क्रिप्ट रात्रभर चालवून कोणालाही स्वतःच्या पॅकेजचे डाउनलोड वाढवता येतात.

मोजूच नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट या पाहणीमध्ये भाग घेणे ऐच्छिक आहे, पण तिथे पॅकेज नुसते बसवलेले आहे की नियमित वापरात आहे हे वेगवेगळे नोंदले जाते. मुख्यतः मॅकवर सॉफ्टवेअर बसवणारे होमब्रू एखादे साधन कोणी स्वतःहून मागितले आणि ते दुसऱ्याच्या गरजेपोटी किती वेळा आले, याचे आकडे निराळे देते. लेफ्ट-पॅडच्या बाबतीत नेमका हाच फरक हवा होता. फेडोरा हे लिनक्सचे वितरण पूर्वी निरनिराळे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे यंत्रांचे क्रमांकी पत्ते) मोजून अंदाज करत असे. पण एका पत्त्यामागे अख्खे कार्यालय असू शकते आणि एकाच लॅपटॉपचे पत्ते दिवसातून चारदा बदलू शकतात. म्हणून २०२० मधल्या फेडोरा ३२ पासून प्रत्येक यंत्र आठवड्यातून एकदा एवढेच कळवते की मी आहे आणि साधारण इतक्या काळापासून आहे. यंत्राची ओळख पटेल असा कोणताही क्रमांक त्यासोबत जात नाही. मोजणी आणि खासगीपणा या दोहोंचा मान राखणारी ही पद्धत मला अत्यंत आदर्श वाटते. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या संघाने २०२३ मध्ये आपल्या साधनांतून वापराची माहिती आपोआप गोळा करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याला बराच विरोध झाला आणि शेवटी ज्याने स्वतः होकार दिला त्याच्याकडूनच माहिती घ्यायची असे ठरले. आकडे त्यामुळे कमी मिळतात, पण ते विचारून मिळवलेले असतात.

डाउनलोडचा आकडाही योग्य जागी उपयोगी पडतो. पायथनच्या भांडारातील नोंदींमध्ये पायथनची कोणती आवृत्ती वापरली हेही असते, आणि जुन्या आवृत्तीचा आधार कधी थांबवावा हे ठरवताना आमच्यासारख्यांना त्याची मोठी मदत होते. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरजे या जावा भाषेतल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीच्या गंभीर दोषानंतर, सुधारित आवृत्ती आल्यावरही सदोष आवृत्त्या किती ठिकाणी उतरवल्या जात आहेत हे डाउनलोडच्या नोंदींवरूनच समोर आले. फायरफॉक्स ३ या ब्राउझरचा जून २००८ मधला ८०,०२,५३० डाउनलोडांचा विक्रमही मी खोटा मानत नाही, कारण तिथे एकच आवृत्ती होती, चोवीस तासांची ठरलेली मुदत होती आणि दावाही डाउनलोडचाच होता.

तेव्हा आपल्याला विनंती आहे ती एवढीच. यापुढे असा आकडा छापताना तो कोणत्या भांडाराचा आहे, किती काळाचा आहे आणि त्यात यंत्रांच्या मागण्या धरल्या आहेत का, हे त्याच ओळीत नमूद करावे. ‘वापरकर्ते’ किंवा ‘पसंती’ हे शब्द त्याला जोडू नयेत. आणि आर्थिक साहाय्याची चर्चा करायची असेल तर कोणत्या सॉफ्टवेअरवर किती अन्य सॉफ्टवेअर उभी आहेत आणि त्याची देखभाल किती माणसे करतात, हे आधी विचारावे. लिनक्स फाउंडेशन आणि हार्वर्डमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत डाउनलोडऐवजी प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रामांच्या आत कोणती पॅकेजे आढळतात हे पाहिले होते. आपल्या पुरवणीने पुढची यादी तिच्या आधारे केली तर त्या चौकटीत अगदी वेगळी नावे दिसतील, आणि त्यांतल्या कित्येक नावांमागे एक-दोन माणसेच उभी असल्याचेही वाचकांना कळेल.

आपला विश्वासू,
एका मुक्तस्रोत लायब्ररीचा देखभालकर्ता