मंत्रीसाहेब, स्विमिंग पूल बांधताय ते बरंच आहे, पण पोरांना पाण्यात कोण उतरवणार?

प्रति,
मा. नील लम्सडेन,
क्रीडामंत्री, ओंटारिओ

मंत्रीसाहेब, नमस्कार.

आधी एक सांगते, तुमच्या ऑफिसला इंग्रजी ईमेल वेगळी जाणार आहे, दोन पॅराग्राफची, सभ्य भाषेतली. पण मला जे बोलायचंय ते इंग्रजीत लिहिलं की तक्रारीचा फॉर्म भरल्यासारखं होतं, म्हणून हे लांबलचक मराठीत. इथल्या आपल्या लोकांनी वाचावं आणि पटलं तर आपापल्या एमपीपीला, म्हणजे प्रांतातल्या आमदाराला, दोन ओळी लिहाव्यात, एवढाच हेतू. तुमच्या ऑफिसात कोणी मराठी असेल तर उत्तमच, नसेल तर भाषांतर करून घ्या, तेवढं बजेट असेल.

मी किचनरला राहते. टोरांटोपासून शंभरेक किलोमीटर, १९१६ पर्यंत या गावाचं नाव बर्लिन होतं, महायुद्धात ते नाव अडचणीचं झालं म्हणून बदललं. २०१६ च्या जनगणनेत इथे २,३३,२२२ माणसं होती, २०२१ ला २,५६,८८५ झाली, आणि त्यानंतर किती वाढली ते कळायला जनगणना कशाला पाहिजे, रविवारी सकाळी कुठल्याही इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून दाखवा.

सोयींच्या बाबतीत हे गाव वाईट नाही हो, उगाच रडगाणं गायला बसले नाहीये. कम्युनिटी सेंटरं आहेत, ट्रेल आहेत, व्हिक्टोरिया पार्क तर १८९६ पासून आहे. बर्फाचं तर विचारूच नका. १९५१ साली उघडलेलं ऑडिटोरियम, ज्याला सगळं गाव नुसतं 'द ऑड' म्हणतं, तिथे रेंजर्सची, म्हणजे आमच्या आइस हॉकी टीमची, मॅच असली की आमच्या ऑफिसात दुपारपासूनच कोणाचं कामात लक्ष नसतं. पाच वर्षांची चिमुरडी हेल्मेट घालून खुर्ची ढकलत स्केटिंग शिकताना बघितली की मजा वाटते, माझा मुलगापण तसाच शिकला. बर्फावर पडलं तर ढोपर फुटतं. पाण्याचं तसं नाही, आणि मला पाण्याबद्दलच बोलायचंय.

आता गावाच्या नैर्ऋत्येला, श्लेगल पार्कपाशी, कावन रिक्रिएशन सेंटर होतंय. त्यात २५ मीटरचा स्विमिंग पूल आहे. मी आनंदाच्या भरात आईला फोन केला, म्हटलं अगं आमच्याकडे नवीन पूल होतोय, तर ती म्हणते कुठल्या नदीवर? तिला समजावेपर्यंत दहा मिनिटं गेली, मग म्हणाली, म्हणजे विहीरच की, फक्त फरशी लावलेली.

तर त्या विहिरीवरूनच सांगते. माझं माहेर तासगावजवळ. मे महिन्यात सगळी भावंडं जमली की आजोबा मुलांना मळ्यातल्या विहिरीवर न्यायचे. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, नाहीतर तेलाचा रिकामा डबा झाळून, आणि द्यायचं ढकलून. चार दिवस नाकातोंडात पाणी जायचं, पाचव्या दिवशी पोरगं स्वतःहून मोटेच्या धावेवरून मुटका मारायचं. फुकट. रजिस्ट्रेशन नाही, वेटलिस्ट नाही. पण हे मुलांसाठी. आम्ही मुली काठावर बसायचो, त्यांचे कपडे आणि चपला सांभाळत. माझे दोन्ही चुलतभाऊ पट्टीचे पोहणारे झाले आणि मी चाळिशी येईपर्यंत कमरेच्या वर पाण्यात गेले नव्हते. इथे आलेल्या किती मराठी बायकांची हीच गोष्ट आहे ते मला माहितेय, कारण आमच्या पोहण्याच्या अॅडल्ट बिगिनर बॅचमध्ये सात जणी होतो आणि त्यातल्या तिघी मराठी.

मी पोहायला का लागले ते सांगते. मुलगा सहा वर्षांचा असताना ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही एका हॉटेलात राहिलो होतो, हॉटेलचं नाव सांगण्यात अर्थ नाही कारण त्यांची काही चूक नव्हती, 'लाइफगार्ड नाही' अशी हातभर पाटी भिंतीवर होती. आतला पूल, कोमट पाणी, बाहेर उणे पंधरा. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी, तो माझ्यापासून दोन हातांवर, चालत चालत उताराकडे गेला. ओरडला नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, की बुडणारं पोर ओरडत नाही. हनुवटी वर, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, आणि केस पाण्यावर पसरलेले. मी एक पाऊल टाकलं आणि माझाच पाय फरशीवरून सरकला. शेजारी आपल्या भावांबरोबर बॉल खेळणारी एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती, तिने बॉल सोडला, दोन हात मारले आणि त्याला बगलेत धरून उचलला. सगळं मिळून आठ-दहा सेकंदं. नवरा खुर्चीवर टॉवेल घेऊन बसलेला, त्याला काही कळलंच नाही. मी थँक्यू थँक्यू करत रडत होते आणि ती पोरगी अगदी सहज म्हणाली, इट्स ओके, मी ब्रॉन्झ क्रॉस केलंय.

ब्रॉन्झ क्रॉस म्हणजे काय ते मी त्या रात्री हॉटेलच्या बेडवर बसून शोधलं.

तुम्हाला हे माहीत असणार, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. इथे लाइफगार्ड व्हायचं तर एका कोर्सने होत नाही. आधी ब्रॉन्झ मेडॅलियन, मग ब्रॉन्झ क्रॉस, मग फर्स्ट एड, मग नॅशनल लाइफगार्ड. शिकवायचं असेल तर इन्स्ट्रक्टरचा कोर्स अजून वेगळा. प्रत्येकाची फी, प्रत्येकाचे वीकएंड, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी गाडीने सोडायला-आणायला पाहिजे. सगळं धरलं तर शेकडो डॉलर जातात, आणि मग ते पंधरा-सोळा वर्षांचं पोर विचार करतं की त्यापेक्षा कॉफीच्या दुकानात उद्यापासून काम मिळतंय, तेही कोर्स न करता. कोविडमध्ये पूल बंद होते तेव्हा हे कोर्सपण बंद होते, म्हणजे एक-दोन वर्षांची अख्खी बॅच तयारच झाली नाही, आणि पूल उघडल्यावर सगळीकडे एकच बोंब, लाइफगार्ड नाहीत. तुमच्या सरकारने त्यावर जून २०२३ पासून लाइफगार्डचं किमान वय १६ वरून १५ केलं. ठीक आहे, मी विरोधात नाही. पण वय एक वर्षाने कमी केलं तरी फी तीच आहे ना.

आता पैशांचं बोलू. २०२४ च्या बजेटमध्ये तुम्ही खेळाच्या सोयींसाठी तीन वर्षांत २० कोटी डॉलरचा फंड काढला. दुरुस्तीसाठी दीड लाखापासून दहा लाखांपर्यंत, त्यात निम्मा खर्च तुमचा, आणि नवीन बांधकामाला एक कोटी डॉलरपर्यंत. चांगली गोष्ट आहे. या देशात कितीतरी अरेना आणि पूल साठ-सत्तरच्या दशकातले आहेत, छपरं गळतायत, बॉयलर खोकतायत, त्यांना पैसे लागणारच. पण मी त्याची माहिती वाचत गेले तर सगळं छप्पर, फरशी, पंप, मशीन, इमारत. माणूस कुठेच नाही. म्हणजे पाणी तापवायला पैसे आहेत आणि त्या पाण्यात पोरांबरोबर उभं राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला तयार करायला नाहीत. देऊळ बांधायला वर्गणी मिळते, पुजाऱ्याला पगार द्यायची वेळ आली की सगळे इकडेतिकडे बघतात, त्यातला प्रकार.

आणि याचा परिणाम कुठे दिसतो तर रजिस्ट्रेशनच्या सकाळी. आम्ही आधी ज्या शहरात होतो तिथली ही गोष्ट, नाव मुद्दाम घेत नाही, कारण ओंटारिओत कुठल्याही आईबापाला विचारा, तो आपलंच गाव समजेल. सकाळी सातला साइट उघडणार म्हणून पावणेसातपासून मी लॅपटॉपवर, नवरा फोनवर, आणि सासूबाई आयपॅड धरून बसलेल्या, त्यांना सांगितलं होतं हिरवं बटण आलं की दाबा. तत्काळचं तिकीट काढल्याचा अनुभव असल्यामुळे आम्ही जरा माजातच होतो. सात वाजून चार मिनिटांनी शनिवारचे सगळे क्लास फुल्ल. वेटलिस्ट नंबर एकोणतीस. मुद्दा असा की त्या शनिवारी आम्ही सहज त्या पूलवर गेलो तर अर्धा पूल रिकामा! दोरी लावून बंद केलेला. फ्रंट डेस्कवरची बाई म्हणाली, पाणी आहे, शिकवायला माणूस नाही.

तुम्ही म्हणाल क्लास खाजगी पण मिळतात. मिळतात की, पण त्याचा भाव विचारला की आपण पुन्हा काठावर चपला सांभाळायला येतो.

लाइफसेव्हिंग सोसायटी, म्हणजे हे ब्रॉन्झ वगैरे कोर्स चालवणारी संस्था, म्हणते की कॅनडात नव्याने आलेल्या माणसाला पोहता न येण्याची शक्यता इथे जन्मलेल्याच्या चौपट आहे. मला आकडा ऐकून आश्चर्य वाटलं नाही. आपण इथे येतो, पहिल्या उन्हाळ्यात पॉटलकचे डबे भरून लेकवर जातो, पोहे, कटलेट, चहाचा थर्मास, आणि पोरं पाण्यात. ह्युरॉनसारखं लेक काठावरून पंढरपूरच्या वाळवंटासारखं शांत दिसतं आणि दहा पावलं आत गेलं की लाट ओढून नेते. ग्रँड नदी तर आमच्या गावाच्या कडेनेच वाहते. अशा ठिकाणी ज्याला येत नाही तोच 'इथे उथळ आहे' म्हणून पुढे जातो.

याच सोसायटीचा स्विम टू सर्व्हाइव्ह नावाचा कार्यक्रम आहे, मला तो फार आवडतो, कारण त्यात स्टाइल-बिइल काही नाही. तीनच गोष्टी. खोल पाण्यात कोलांटी खाल्ल्यासारखं पडायचं, एक मिनिट जागच्या जागी पाय मारत तरंगायचं, आणि मग ५० मीटर कसंही करून काठाला यायचं. बस्स. अगदी आजोबांच्या विहिरीचा सिलॅबस. ओंटारिओत हा तिसरीच्या वर्गासाठी शाळांमार्फत चालतो, सरकार मदतपण करतं, पण सक्ती नाही. ज्या शाळेला जमलं ती जाते. माझ्या मुलाचा वर्ग गेला नाही. शाळेला नावं ठेवत नाहीये, टीचर बिचारी म्हणाली, पूलची वेळ मिळाली तर बस मिळत नाही आणि बस मिळाली तर पूलवर माणूस नाही.

आणि किचनरमध्ये तर गंमत अशी की कॅमरॉन हाइट्स हायस्कूलला लागूनच शहराचा पूल आहे! शाळा आणि पूल एकाच आवारात. म्हणजे कोणे एके काळी कोणाच्यातरी डोक्यात हे आलं होतं की पोरं जिथे दिवसभर असतात तिथेच पाणी असावं. शिवाय तिथल्याच अकरावी-बारावीच्या पोरांना शाळेच्या वेळात ब्रॉन्झ मेडॅलियनपासून लाइफगार्डपर्यंत नेता येणार नाही का, क्रेडिट देऊन? डिसेंबरमध्ये इथे पावणेपाचला अंधार पडतो, पोरं घरी येऊन स्क्रीनला चिकटतात, त्यापेक्षा हे काय वाईट.

तर मला काय पाहिजे ते सरळ सांगते. त्या फंडातला थोडा हिस्सा, कितीही थोडा, इमारतींऐवजी कोर्सच्या फीसाठी ठेवा. जो मुलगा किंवा मुलगी म्हणेल की मी दोन उन्हाळे माझ्या गावच्या पूलवर काम करीन, त्याची ब्रॉन्झ मेडॅलियनपासूनची सगळी फी सरकारने भरावी. त्यातून आपल्यासारख्या घरातली पोरंपण येतील, कारण आपल्याकडे अजूनही लाइफगार्ड हे करिअरमध्ये बसत नाही पण 'फ्री सर्टिफिकेट आणि रेझुमेवर येतं' म्हटलं की सगळ्या आया रांगेत उभ्या राहतात, मी पहिली. आणि तिसरीच्या स्विम टू सर्व्हाइव्हसाठी बसचे पैसे. शिक्षण खातं तुमच्याकडे नाही हे मला कळतं, पण शिक्षणमंत्री तुमच्याच कॅबिनेटमध्ये बसतात, चहा पिताना विषय काढा.

तुम्ही स्वतः सीएफएलमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉल लीगमध्ये खेळलेले, एडमंटनच्या टीमबरोबर तिथला ग्रे कप जिंकलेले. स्टेडियम कितीही मोठं असलं तरी कोच नसेल तर त्या हिरवळीवर फक्त गवत वाढतं हे मी तुम्हाला काय सांगणार.

कळावे,
किचनरची एक आई

ता.क. माझी अॅडल्ट बिगिनरची दुसरी टर्म चालू आहे. कोलांटी जमते, एक मिनिट तरंगणं जमतं, खरं तर सव्वा मिनिट. ५० मीटर अजून होत नाही. जाताना होतं, भिंतीला पाय लावून वळतेसुद्धा, आणि येताना दहाएक मीटरवर लेनची दोरी धरते. आमची इन्स्ट्रक्टर एकोणीस वर्षांची आहे, ती दोरीपलीकडून ओरडते, वन मोअर, वन मोअर. सप्टेंबरमध्ये ती युनिव्हर्सिटीला दुसऱ्या गावी चाललीय. तिच्या जागी कोण येणार ते अजून ठरलेलं नाही.