पथ्य म्हणजे नुसती मनाई नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत 'पथ्य' या मथळ्याखाली येते ती यादी बहुतेक वेळा काय खाऊ नये याचीच असते. बोलण्यातही हाच अर्थ रुळला आहे. पण तो अर्धा आहे, आणि या अर्ध्या अर्थाची झळ रुग्णांना बसते.

जे टाळायचे ते अपथ्य. पथ्य म्हणजे जे मानवते, हितकर ठरते ते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २५व्या अध्यायात, 'पथ्यं पथोऽनपेतं यद्यच्चोक्तं मनसः प्रियम्' अशी व्याख्या आहे. शरीराच्या मार्गांना बाधत नाही आणि मनालाही रुचते, ते पथ्य. रुचीला थेट व्याख्येत जागा आहे, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे असेही म्हटले आहे की कुठलाही पदार्थ सरसकट पथ्य किंवा अपथ्य ठरवता येत नाही. मात्रा, काळ, कृती, देह यांप्रमाणे ते बदलते. एखादी गोष्ट 'पथ्यावर पडली' असे आपण म्हणतो तेव्हा ती फायद्याचीच ठरलेली असते. तेवढ्या वाक्प्रचारात मूळ अर्थ शाबूत राहिला आहे.

मधुमेहाचे कित्येक रुग्ण 'कडक पथ्य' म्हणून एका वेळचे जेवणच गाळतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना असे केले, तर रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. त्यांच्यासाठी वेळेवर जेवणे हेच पथ्य. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणारे पालेभाज्या साफ बंद करतात. खरे तर त्यांतले 'के' जीवनसत्त्व रोज साधारण सारख्या प्रमाणात पोटात जायला हवे. एकाएकी बंद केले किंवा वाढवले, तरी औषधाचा परिणाम बिघडतो. सिलिअ‍ॅक रोगात (यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) मात्र ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातले एक प्रथिन, आयुष्यभर पूर्ण वर्ज्य, तिथे तडजोड नाही.

'डाएट'चेही असेच झाले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जीवनपद्धती. आज तो उपाशी राहण्यापुरता उरला आहे.

तेव्हा पुरवणीत पथ्य छापताना काय खावे, किती आणि केव्हा, हे आधी द्यावे. वर्ज्य पदार्थ त्याखाली 'अपथ्य' म्हणून वेगळे द्यावेत आणि ते कोणत्या रुग्णासाठी, कोणते औषध चालू असताना, हेही लिहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक